एकेचाळिसावा दिवस

नर्सने बाळंतिणीच्या पावलावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. उशांना टेकून बसलेली ती मुलगी एका वाक्यात दोनदा थांबून श्वास घेत होती.

"दोन दिवस आडवी झालेली नाही," सासू म्हणाली. "पाठ टेकली की गुदमरते. आणि हे बघा, लेकरू ढाराढूर. बापावर गेलंय."

नर्सने दाराबाहेर जाऊन आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, हृदयाचं दुखणं वाटतंय. मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं. गाडी पाठवा."

"कितवा दिवस?"

"एकेचाळिसावा."

पलीकडे कागद सरकले. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत बाई दगावली, तर तिची नोंद मातामृत्यूच्या रकान्यात होते. नंतर दगावली, तर त्या रकान्यात होत नाही. केंद्राच्या रकान्यात यंदा शून्य होतं. सोमवारी तो तक्ता वर जायचा होता. तिथून राजधानीला, आणि पुढे साऱ्या जगाची प्रगती मोजणाऱ्या अहवालात.

"गाडीत घातली की ती आपल्या नावावर आली, बाई. वाटेत काही झालं तर?"

"आणि घरी झालं तर, सर?"

"घरचं बघता येतं." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "बाळंतपणाची तारीख पुन्हा वाचा. नऊ आहे की सात? सात असेल तर गाडी आत्ता निघते."

वहीत नऊ होती, तिच्याच अक्षरात. बाळ तिच्याच हातांवर आलं होतं. खाडाखोड उघडकीला आली तर जबाब डॉक्टर देणार नव्हते. आतून घरघर ऐकू आली.

"सात," ती म्हणाली.

सासू उंबऱ्यातच उभी होती. "अहो, सात कशी? नऊ ना!"

"सात, मावशी. कोणीही विचारलं तरी सात. गाडी येतेय."

सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "सात."

बाळंतीण मनाशी काहीतरी मोजत होती. नर्स आत आली तेव्हा तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदाच सैल झाला होता.

"म्हणजे बेचाळीस... होऊन गेले, ताई? तुम्हीच म्हणाला होतात... तेवढे जपले की धोका टळला."

नर्सने तिचं मनगट धरलं. नाडी पळत होती, मध्येच अडखळत होती.

"हो," ती म्हणाली.

"मग गाडी कशाला?"