चौदा नंबरचं कार्ड

चौदा नंबरच्या कॅमेऱ्यात वाघीण दोनदा आली होती, रानडुकरं पाच वेळा, आणि मंगळवारी भर दुपारी माणसं.

प्रफुल वनमजूर होता. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं काढायची, फोनला लावून पाहायची आणि जनावरांचे व्हिडिओ ऑफिसात द्यायचे, हे त्याचं काम. माणसं सापडली तर तेही साहेबांना दाखवायचं, असा हुकूम होता.

अंगणात आई, गिरजाबाई, मोहफुलं वाळत घालत होती. फोनवर पोरगी दिसल्याबरोबर प्रफुलनं आवाज पार बंद केला आणि पाठ वळवली.

"काय पाहून राह्यला गा?" आईनं विचारलं.

"रोही हाय," तो म्हणाला.

नीलगाय कसली, नंदिनी होती. गावातलीच, एकवीस वर्षांची, चंद्रपूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सोबत पवन. त्या दोघांचं जमलं आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहिल्या व्हिडिओत दोघं हसत होती, गाडी सागाला टेकवलेली. दुसऱ्यात पवननं तिचा हात धरला आणि तिनं तोंड फिरवलं. लाजली असेल. तिसरा सुरू झाला आणि प्रफुललाच लाज वाटली. दोन सेकंदांत त्यानं फोन पालथा घातला. लोकाची पोर आपण अशी चोरून पाहतो, थू आपल्या जिंदगीवर, असं त्याला वाटलं.

ही लाज नवी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका कार्डात श्रीहरीभाऊंची पोरगी खुशबू निघाली होती. नाल्याच्या दगडावर एका पोराशेजारी बसलेली, बस्स, दुसरं काही नाही. प्रफुलनं गंमत म्हणून तो फोटो आपल्या दोस्ताला, एकट्या झिंगूला पाठवला. झिंगूनं कोणाला पाठवला कोण जाणे, संध्याकाळपर्यंत तालुकाभर झाला. महिन्याभरात खुशबूचं शिक्षण सोडवून तिचं लग्न लावून तिला मुलचेऱ्याकडं देऊन टाकलं. श्रीहरीभाऊ पानठेल्यावर यायचे बंद झाले. एकदा मात्र वाटेत भेटले आणि हात धरून विचारलं, कोणं पाठवला असंल गा प्रफुल, तू तर तिथीच कामाले असतं. मले का माहीत, असं प्रफुल म्हणाला होता. आपलं ते उत्तर त्याला अजून घास गिळू देत नव्हतं.

आता तसं होऊ द्यायचं नाही. साहेबांना दाखवलं की चार माणसं पाहणार, आणि चार माणसांनी पाहिलं की चारशे. नोकरी गेली तर गेली. त्यानं तिन्ही व्हिडिओ पुन्हा न उघडता पुसले. वाघिणीचं तेवढं ऑफिसात दिलं, कार्ड कोरं केलं आणि परत नेऊन चौदा नंबरला लावलं. त्या दिवशी वर्षभरानं त्याला जेवण गोड लागलं. आईनं दुसरी भाकर वाढली तीही त्यानं खाल्ली.

शनिवारी दुपारी प्रफुल जंगलनाक्यावर बसला होता, तिथं नंदिनी आली. स्कूटी कडुलिंबाखाली लावून बराच वेळ तिथंच उभी राहिली. अंगात पुऱ्या बाह्यांचा कुर्ता, ओढणी मनगटापर्यंत ओढलेली. प्रफुलला तिच्याकडं बघवेना. आपण पाहिलेलं आपल्या तोंडावर लिहिलेलं असेल, असं त्याला वाटत होतं. पण बिचारी विचारणार तरी कशी? पोरीच्या जातीला हे विचारायला लावणं म्हणजे आणखी एक पाप. तो आपणच उठून तिच्याजवळ गेला.

"प्रफुलभाऊ," ती खाली पाहत म्हणाली, "मंगळवारी तो चौदा नंबरचा कॅमेरा चालू होता का?"

"चालू होता," तो हळूच म्हणाला. "पण तू घाबरू नोको. डिलीट मारले मी. साहेबाले दाखवले नाई, कोणालेच नाई."

तिनं वर पाहिलं. "सगळे?"

"सगळे. कार्डबी कोरं केलं. आता कोणाचा बाप आला तरी निघत नाई."

नंदिनी कडुलिंबाच्या पारावर बसली. तिचे डोळे भरून आले. जीव भांड्यात पडला पोरीचा, असं प्रफुलला वाटलं. खुशबूचं काही फिटणार नव्हतं, पण एक तरी पोर वाचली. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं. ग्लास तिनं हातात तसाच धरून ठेवला.

"तुम्ही पाह्यलं असंल भाऊ."

हेच तो भीत होता. "दोन सेकंद," तो म्हणाला. "माह्या मायची शपथ, पुढचं पाह्यलंच नाई मी. लाज वाटली मले."

"आयकलं तरी असंल?"

"नाई बाई. आवाज पहिलेच बंद केला होता. एक शब्द नाई आयकला."

नंदिनीनं ग्लास पारावर ठेवला. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, हातानं लिहिलेला, वर ठाणेदारांचं नाव.

"मी ठाण्यात चालली होती भाऊ," ती म्हणाली. "पवन म्हणते, माही मर्जी होती. मी चार खेपा नाई म्हटलं, आणि ते तुमच्या त्या कॅमेऱ्याशिवाय कोणं आयकलं नाई."