छत्र्यांची बाग

नदीकाठचे उंच मनोरे रुइयुननं पाव तासात उरकले. वरच्या काचेच्या मजल्यावर जायला मोठी रांग होती. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि खालून दिसतं तेवढं पुरे, असं सांगून टाकलं.

पेईवेनला हसू आलं. आई पहिल्यांदाच शांघायला आली होती. सकाळीच लेकीनं तिला पार्लरमध्ये नेऊन केस नीट करून घेतले होते, वर नवं जांभळं जाकीट चढवलं होतं. इमारती काय माझे केस बघणार आहेत, म्हणून रुइयुन कुरकुरली होती. आरशात मात्र तिनं दोनदा पाहिलं होतं.

तिला खरी बघायची होती ती एकच जागा. गावी चहाच्या मळ्यातल्या बायका सांगायच्या, शांघायच्या एका बागेत सुटीच्या दिवशी आईबाप उघड्या छत्र्या जमिनीवर मांडून बसतात. छत्रीला चिकटवलेल्या कागदावर लग्नाच्या मुला-मुलीची उंची, नोकरी, घर. पेईवेन चौतिशीला आली होती आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून द्यायची. म्हणून रुइयुननं चाचरतच बागेचं नाव काढलं.

“चल की,” पेईवेन म्हणाली. “रविवारच आहे आज.”

इतक्या सहज? पोरगी शेवटी वळणावर आली म्हणायची.

बागेत छत्र्यांच्या रांगाच रांगा. रुइयुन वाकून वाकून वाचत चालली. एका बाईनं मुलाची उंची भलतीच लिहिली होती.

“टाचांसकट मोजलीस का गं?” शेजारणीनं विचारलं.

“तू लेकीचं वय मोजताना हिवाळे सोडलेस ना, तसंच.”

दोघी खिदळल्या. रुइयुनलाही मजा वाटली. हे सगळं मळ्यात जाऊन सांगायला हवं.

पेईवेननं तिला एका बाकावर बसवलं आणि समोरच्या गाडीवरून सारण भरलेले गरम बाओ आणते म्हणून ती गेली. तेवढ्यात पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ आला. हातात छत्री नव्हती. आपलं आडनाव यान, असं सांगून तो बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला.

मुलाचा बाप, दुसरं कोण असणार? रुइयुननं वेळ घालवला नाही. घर स्वतःचं का? स्वतःचं, दोन खोल्या, दिवसभर ऊन. दारू? सणाला एखादा पेला. स्वभाव? भांडण जमत नाही, स्वयंपाक जमतो. एकेक उत्तर तिला आवडत गेलं.

त्याचे प्रश्न मात्र चमत्कारिक होते. तिचे गुडघे दुखतात का, तिखट किती लागतं, शहरातली हवा मानवेल का. हल्ली विहिणीचीही तपासणी करतात वाटतं, तिच्या मनात आलं. पण आपल्यामुळे लेकीचं अडायला नको, म्हणून तिनं सगळं खरं खरं सांगितलं.

“घरी कोण असतं?” त्यानं विचारलं.

“मी आणि टीव्ही. रात्रभर चालूच ठेवते. नवरा गेल्यापासून माणसांचा आवाज लागतो हो.” मग ती घाईनं म्हणाली, “पण पोरांच्या संसारात लुडबुडायची नाही मी. माझ्या लेकीवर असं टीव्ही लावून झोपायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं आहे माझं.”

यान म्हणाला, त्याच्याकडे रेडिओ चालू असतो.

म्हणजे बायको नाही बिचाऱ्याला. रुइयुनला वाईट वाटलं. आणि मग, घरात सासू नाही म्हणून जरा बरंही वाटलं.

तिचा निर्णय झाला होता. माणसं चांगली होती.

“मग दादा,” ती म्हणाली, “मुलगा कधी दाखवता?”

यानचे कान लाल झाले. त्यानं बाओच्या गाडीकडे पाहिलं. पेईवेन तिथं रिकाम्या हातानं, त्यांच्याकडेच बघत उभी होती.

“मला मुलगा नाही, ताई,” तो म्हणाला. “पेईवेननं मला तुमच्यासाठी बोलावलंय.”