शंभर टक्के मेंदू

"आता काय करून राह्यला तो?" राजदीपनं विचारलं.

मोनालीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. हिंदी आवाजातला हा इंग्रजी सिनेमा राजदीपनंच फवारणीला जायच्या आधी यवतमाळहून भरून आणला होता. पाहायचा राहून गेला. आता सरकारी दवाखान्याच्या खाटेवर पडून तो नुसता ऐकत होता. डोळ्यांपुढं पांढुरकं धुकं. समोर माणूस उभा आहे की खांब, तेवढंच कळायचं. म्हणून मोनाली बघून बघून सांगत होती.

"कारखान्यात घुसला. मांगं बंदूकवाले लागले. आता निळ्या औषधाचं पिंप फुटलं, सारं त्याच्या अंगावर."

"तोंडावर?"

"तोंडावर, डोळ्यात, सारीकडे."

"मंग? डोळे गेले त्याचे?"

"नाही." मोनालीला पुढचं सांगावंसं वाटेना. "मेंदू उघडला म्हणते त्याचा, शंभर टक्के. भिंतीच्या पल्याडचं दिसून राह्यलं त्याले. नुसत्या हातानं गोळ्या थांबवून राह्यला."

राजदीप हसला. हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली आणि मोनालीनं त्याची छाती चोळली. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्याही वर वाढली होती. मालकाच्या वावरात कीटकनाशकाचा पंप घेऊन शिरलं की फवारा वरच मारावा लागे, आणि वारा तो परत तोंडावर आणून टाकी. एका संध्याकाळी राजदीप घरी आला तो भिंत चाचपत.

वॉर्डात एकदम धावपळ झाली. कुठलेसे मोठे साहेब आले. मागे फोटोग्राफर, त्याच्या मागे खोकं घेतलेला शिपाई. खोक्यात मास्क, हातमोजे, प्लास्टिकचे चष्मे.

साहेब राजदीपच्या खाटेशी थांबले. "हे का नाही घातलं फवारताना?"

"देल्लंच नाही कोणी, साहेब."

"मागून घ्यायचं. देवानं डोकं दिलंय ना? ते जरा वापरलं असतं, तर ही वेळ आली असती का?"

शिपायानं राजदीपच्या तोंडावर मास्क चढवला, डोळ्यांवर चष्मा लावला. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, इकडं बघा." राजदीपनं मान भलतीकडंच वळवली. "तिकडं नाही हो, इकडं." कोणीतरी हसलं. राजदीप मास्कच्या आत श्वासासाठी धडपडत होता, तरी सांगितल्यासारखी मान फिरवत राहिला.

मोनालीच्या अंगाची आग झाली. तिनं चष्मा काढला, मास्क ओढला आणि दोन्ही वस्तू साहेबांच्या हातात ठेवल्या.

"दिसत नाही त्याईले. हा फोटू कोणाले दाखवाचा हाय?"

"बाई, लोकांना समजावं म्हणून आहे हे. तुमच्याच भल्यासाठी."

"मंग वावरात जाऊन वाटा. आजही माणसं फवारून राह्यले तिथं." तिचा आवाज चढला नाही, पण आख्खा वॉर्ड ऐकत होता. "माह्या माणसाले डोकं होतं, साहेब. चष्मा नव्हता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्याला घ्या," ते शिपायाला म्हणाले.

पुढच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्यालाही फवारणीचंच विष भिनलेलं. कोणीतरी दारात सोडून गेलं, ते परत फिरकलं नाही. झटके येऊन तो हात आपटायचा म्हणून नर्सनं दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेला बांधली होती. शिपायानं त्याला चष्मा लावला, मास्क लावला. म्हातारा इकडेतिकडे डोकं घुसळू लागला, तसं शिपायानं ते दोन्ही हातांनी धरलं.

"बस, असंच ठेवा," फोटोग्राफर म्हणाला.

मोनालीनं मोबाइल राजदीपच्या उशाशी ठेवला. त्यात मारामारी चालूच होती. ती उठली आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा," फोटोग्राफर म्हणाला. ती हलली नाही.

साहेब वैतागले. "हा कोण लागतो तुमचा?"

मोनालीनं वळून म्हाताऱ्याकडं पाहिलं. त्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडावरचा मास्क सोडवू लागली.