शिट्टी वाजली की धावायचं

"कुठंही चोर दिसला की शिट्टी वाजवा, सगळ्यांनी धावत यायचं," असं म्हणत सराफ पोतदारशेठनी मेन रोडच्या दुकानदारांना शिट्ट्या वाटल्या. आमच्या पिना-कंगव्यांच्या गाडीला मिळाली नाही.

"शेठ, सगळेच धावले तर दुकानांत कोण थांबणार?" मी विचारलं.

"शाळा सोडलेल्या पोरीनं अक्कल शिकवू नये. पिना वीक."

माझं टाळकं सटकलं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून गुरुवारी दुपारी रस्त्याच्या त्या टोकाला शिट्टी वाजली, सगळे तिकडं पळाले, तेव्हा मी मुद्दाम उलट्या बाजूला बघत राहिले. एक माणूस आरामात चालत आला आणि शेठच्या रिकाम्या दुकानात काउंटरमागे शिरला.

मी बोंबलले, पण त्या गोंगाटात ऐकतंय कोण! पळत जाऊन शटर खाली ओढलं, बाहेरून कडी घातली आणि पायरीवरच बसले.

शेठ धापा टाकत परतले. "तिकडं चोर नव्हताच! कुणी वाजवली, कुणास ठाऊक. आणि तू माझं दुकान का बंद केलंस गं?"

आतून शटरवर थाप पडली.

"गिऱ्हाईक आहे तुमचं," मी म्हणाले. "कधीचं थांबलंय."