इंजिन बसलं

"काका, इंजिन पार बसलंय. नवीन मिळणं मुश्कील आहे," मेकॅनिक मान खाली घालून म्हणाला.

ती दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार म्हणजे बाबांचा जीव की प्राण. आई तर तिला चेष्टेने सवत म्हणायची. आता बाबा काय म्हणतात, या धास्तीने लेक त्यांच्याकडे बघत होती, कारण इंजिनला काहीही झालेलं नव्हतं. हल्ली बाबा रोजचे रस्ते चुकत होते आणि 'आता गाडी चालवू नका' असं तोंडावर सांगायची तिची हिंमत होत नव्हती. म्हणून सर्व्हिसिंगचं निमित्त करून तिनेच मेकॅनिकला हे खोटं बोलायला लावलं होतं.

बाबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या गॅरेजचं नावही काढलं नाही. "विकून टाक," एवढंच म्हणाले आणि लेकीच्या गाडीत जाऊन बसले.

लेकीने गाडी घराकडे वळवली. तिला ना रडू येत होतं, ना हायसं वाटत होतं. घर जवळ आल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे, मला ठाऊक आहे. काल तू गॅरेजला न्यायच्या आधी मी गाडी सुरू केली होती."

तिने गाडी कडेला घेतली. "मग विकून टाक का म्हणालात, बाबा?"



"सुरू झाली गं. पण ब्रेक कुठला, तेच आठवेना."