गोदाची चाल

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक बाई चालत होती. पाठमोरी. हिरवं लुगडं, डाव्या बगलेत पिशवी. आठव्या पावलाला ती जरा थबकायची, हनुवटी खांद्याकडं अर्धी वळायची, मग पुन्हा चालू लागायची. दहा पावलं झाली की चित्र पहिल्यापासून सुरू. सकाळपासून चालतच होती बिचारी.

सम्यकनं चाल मोजायला तिच्या कमरेवर लाल ठिपका लावला होता आणि दोन्ही टाचांवर निळे.

"आता कसं!" नीरजा म्हणाली. टीम तिच्या हाताखाली होती. "कालची तुमची गोदा शेतात निघालीय का स्टेजवर, तेच कळत नव्हतं. केवढी ती कंबर हलवत होती! ही बघा. अशी चालते बाई."

गोदा म्हणजे त्यांच्या नव्या गेमची नायिका. हरवलेला बैल शोधत रानोमाळ फिरणारी शेतकरीण. खेळणाऱ्याला ती कायम पाठमोरीच दिसणार, म्हणून चाल मागूनच हवी होती. शुक्रवारी ती पुण्याच्या कंपनीला दाखवायची होती. पसंत पडली तर चिकलठाण्यातल्या या बारा जणांना वर्षभर काम.

"आणि इंद्रजीत, ते आठव्या पावलाचं थबकणं काढायचं नाही हं," नीरजा म्हणाली. "तिथंच ती जिवंत होते."

इंद्रजीतनं मान हलवली. शूटिंग त्यानंच केलं होतं, मोबाइलवर.

"कुठं गावली रे ही मावशी?" सम्यकनं विचारलं.

"मुकुंदवाडीत. चालली होती कुणीतरी रस्त्यानं."

कुणीतरी! माझी आई आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण सगळे मघापासून त्या लाल ठिपक्याकडं बघत होते आणि त्याची जीभ रेटेना.

"चाल एक नंबर आहे पण," सम्यक म्हणाला. "थेट बदक!"

सगळे हसले. इंद्रजीतही हसला. हसणं थांबलं तेव्हा काचेच्या दारात त्याची आई, आशाबाई, उभी होती.

चपला बाहेर काढून आली होती. अंगावर तेच हिरवं लुगडं, बगलेत तीच पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"इंदर, किल्ली दे रं बाबा," ती म्हणाली. "भाजी आनाया खाली उतरले आन् वाऱ्यानं दार लागलं बघ. शेजारच्या करुणानं रिक्षात बसवून दिलं म्हनून..."

पुढचं राहून गेलं. तिची नजर भिंतीवर गेली होती.

लुगडं सगळ्यांनी ओळखलं. सम्यकनं माऊसवरचा हात उचलला, पण स्क्रीन बंद करायचं त्याला सुचलं नाही. बाई आपली चालतच राहिली.

"ही म्या हाय व्हय?" आशाबाईनं विचारलं.

नीरजानं घाईघाईनं खुर्ची पुढं केली. "बसा ना, काकू."

"नाय बाई. बसत नाय." तिनं लेकाकडं पाहिलं. "हे कवाचं रं?"

"परवाचं. तू गंगापूरहून आलीस ना, आपण नाक्यावर उतरून घरी चाललो होतो. तेव्हा."

"तवा तर तू माझ्या मागं व्हतास."

"हो."

"म्हंजी मोबाइल धरून व्हतास?"

इंद्रजीतनं मान खाली घातली. शरमेनं त्याचे कान तापले होते.

स्क्रीनवर आठवं पाऊल पडलं. बाई थबकली, हनुवटी वळली.

"हे बघा, हितं," आशाबाई म्हणाली. ती नीरजाशी बोलत होती, समजावून सांगितल्यासारखी. "ह्यो मागंच ऱ्हायला ना, मला वाटलं पोरगं दमलं. दोन जड पिशव्या व्हत्या त्येच्याकडं. म्हनून जरा थांबत थांबत चालले. वळून बघनार व्हते, पर म्हनलं ऱ्हाऊ दे, उगं त्येला वाईट वाटंल."

सम्यकनं स्क्रीन बंद केली.

"काकू, माफ करा," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं, खरंच."

"तुमाला कसं म्हाईत असनार?" ती म्हणाली, आणि तिनं इंद्रजीतकडं पाहिलंसुद्धा नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"आई, तुला नको असेल तर काढून टाकतो आम्ही. कुणाला दाखवणार नाही."

"म्या नगं म्हनाया, तू इचारलं कुठं?"

आवाज चढला नव्हता. मेथीची जुडी तिनं पिशवीत नीट आत सारली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"चल, खाली रिक्षात बसवून देतो," तो म्हणाला. त्यानं दार उघडून धरलं. "चल ना."

बाहेर येऊन आशाबाईनं चपला पायात सरकवल्या. मग दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेतला, पार कमरेखालपर्यंत, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तू हो म्होरं."

"अगं, चल की. मी आहे ना मागं."

"नाय," ती म्हणाली. "तू हो म्होरं. म्या येते मागनं."

इंद्रजीत जिना उतरू लागला. मागं तिच्या चपला वाजत होत्या, एकेक पायरी. आठव्या पायरीला तो थांबला. वळून बघायची हिंमत झाली नाही.

"दमलास का रं?" मागून तिनं विचारलं.