पाटावरची सुपारी

इंग्रज जाऊन सहा वर्षं झाली, पण चिचगडच्या देवकाबाईच्या घरातली कटकट काही गेली नाही. नवरा बकाराम भातात एक खडा लागला की घर डोक्यावर घ्यायचा. वैतागून तिने देवरीहून महाराज बोलावले आणि शांतीची पूजा मांडली. ऐन संकल्पाच्या वेळी ‘पाट वाकडा काऊन मांडला?’ म्हणून बकाराम कडाडला अन् तरातरा निघून गेला. पूजेला तर जोडपं हवं. महाराजांनी बकारामच्या पाटावर नवरा म्हणून सुपारी ठेवून पूजा पार पाडली.

“आता ही सुपारी तळ्यात सोडा,” महाराज म्हणाले.



देवकाबाईने सुपारी मुठीत घट्ट धरली. “काऊन सोडू जी? बारा वरसात पयल्यांदा नवरा दोन घंटे माह्या बाजूले चूप बसला.”